फॅट बाइक निवडताना: आधी हवा, मग हब, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४५, वजन ८५ किलो. कॉलेजनंतर सायकल सुटली ती आता पुन्हा धरायचीय. शर्यत नाही, कामावर जाणं-येणं नाही, सुट्टीच्या सकाळी दोन-तीन तास भटकायचं. निम्मी वाट डांबरी, पुढे कच्चा रस्ता आणि खडी, शेवटी वाळूचा लांब पट्टा. त्यासाठी फॅट बाइक, म्हणजे खूप जाड टायरची सायकल, घ्यायचा विचार आहे. त्यावर तीन शंका: टायर ४ इंची घ्यावा की ४.८, पुढे सस्पेन्शन हवं का, आणि २१ गिअरची सायकल ७ गिअरच्या सायकलीपेक्षा बरी का.

तिन्हींची उत्तरं देतो, पण तुमच्या क्रमाने नाही. गेली पंधरा वर्षं मी सायकली जुळवतोय, दुरुस्त करतोय आणि नवख्यांना घेऊन फिरतोय. फॅट बाइक घेऊन वर्षभरात ती कोपऱ्यात उभी करणारे लोक पाहिले, त्यातल्या बहुतेकांचं चुकलं ते एकाच जागी. टायरात हवा किती ठेवायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मोटारीसारखी ३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरून ते वाळूत उतरले, रुतले, आणि ‘एवढा जाड टायर घेऊन काय उपयोग’ म्हणून मोकळे झाले.

टायर जाड असतो तो हवा कमी ठेवता यावी म्हणून. हिशेब सोपा आहे. तुम्ही ८५ किलो, सायकल १६ किलो, मिळून १०१. नेहमीच्या माउंटन बाइकमध्ये ४० पीएसआय हवा असली, तर एवढं वजन पेलायला दोन्ही टायर मिळून साधारण ३६ चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतात, म्हणजे एका चाकाखाली जेमतेम एक काडेपेटी. हीच हवा ८ पीएसआयवर आणलीत की ते क्षेत्र १८० चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे एका चाकाखाली बोटं सोडून अख्खा तळहात. टायरच्या कापडाचा ताठपणा आणि पुढच्या-मागच्या वजनातला फरक यांत धरलेला नाही, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण काडेपेटी वाळूत घुसते आणि तळहात वर राहतो, एवढं त्यातून कळतं. साध्या २ इंची टायरमध्ये ८ पीएसआय ठेवून पाहा, पहिल्याच दगडावर रिम आपटेल आणि ट्यूब फुटेल. ४ इंची टायरला दबायला जागा असते, म्हणून त्याला हे जमतं.

हा प्रकार आला बर्फातून आणि वाळवंटातून. अलास्कात १९८७ पासून बर्फावरून इडिटाबाइक नावाची शर्यत होऊ लागली. तिथले लोक रुंद चाक मिळावं म्हणून दोन-दोन रिम शेजारी शेजारी वेल्ड करून वापरत. पुढे २००५ मध्ये सर्ली कंपनीची पग्सली आली आणि रुंद टायरची सायकल तयार मिळायला लागली. तिच्या पुढच्या-मागच्या हबांची (चाकाच्या मधल्या तुंब्यांची) रुंदी सारखीच, १३५ मिमी होती. त्यामुळे रानात मागचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा फिरता भाग) गोठलं किंवा मोडलं तर चाकांची अदलाबदल करून घरी येता यायचं. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की ही सायकल सावकाश जाण्यासाठी आणि रुतण्याच्या जागी न रुतण्यासाठी जन्मली. डांबरावर ती कधीच चपळ वाटणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका.

म्हणून एक कडू गोष्ट आधीच सांगतो. तुमची निम्मी वाट डांबरी आहे. ती दोन-तृतीयांश असती, तर मी फॅट बाइक घेऊच नका म्हणालो असतो. २.४ इंची टायरची चांगली २९ इंची माउंटन बाइक किंवा २.८ ते ३ इंचाची ‘प्लस’ टायरवाली सायकल खडीवर, खड्ड्यांत आणि कच्च्या रस्त्यावर पुरेशी मऊ चालते, आणि डांबरावर दम काढत नाही. फॅट बाइकला पर्याय नाही तो फक्त मोकळ्या वाळूत आणि बर्फात. तुमच्या वाटेवर वाळूचा पट्टा आहे आणि तिथेच जायची तुम्हाला हौस आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तेव्हा घ्या. पण त्या पट्ट्यावर तुम्ही खरंच दर आठवड्याला जाणार आहात ना, हे एकदा स्वतःला विचारा.

आता टायर. तुमच्यासाठी ३.८ ते ४.२ इंच पुरे. ४.८ इंचाला ९० ते १०० मिमीची रिम हवी, मागचा हब १९० किंवा १९७ मिमीचा हवा, फ्रेमही तशीच रुंद हवी. ती सगळी यंत्रणा मऊ बर्फासाठी आहे. ४ इंची टायर ६५ ते ८० मिमीच्या रिमवर छान बसतो. चाकाच्या कडेचं वजन दर वेळी वेग घेताना पायांना जाणवतं, आणि ४ इंची टायरचं वजनच सव्वा ते दीड किलो, ट्यूबचं वर अर्धा किलो. म्हणजे दोन चाकांच्या फक्त रबराचेच साडेतीन-चार किलो. त्यात आणखी भर कशाला? स्वस्त टायर ओळखायची खूण म्हणजे बाजूवर छापलेला टीपीआय, म्हणजे एका इंचात किती धागे विणलेत तो आकडा. ३० टीपीआयचा टायर जाडजूड आणि ताठ, कमी हवेवर नीट दबतच नाही. ६० असेल तर चालेल. १२० असेल तर उत्तम, पण काट्याकुट्यांत त्याची कड लवकर कापली जाते. निम्मं डांबर आहे, तेव्हा खोल खोल गुट्ट्यांचा टायर टाळा. मधोमध जवळजवळ लावलेल्या बुटक्या गुट्ट्या असलेला घ्या. नाहीतर डांबरावर घूंऽऽ असा आवाज सतत ऐकावा लागेल. काहींना तो आवडतो म्हणा, मला डोकेदुखी होते.

टायरनंतर बघायचा तो मागचा हब. विकणारा याबद्दल कधीच आपणहून बोलत नाही, आणि नेमकं इथेच माझं स्वतःचं नुकसान झालेलं आहे. माझी पहिली फॅट बाइक स्टीलची, जवळजवळ २० किलोची होती आणि मागे सात चकत्यांचं, हबवर आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील होतं. चार महिन्यांत मागच्या चाकाचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल वाकला. बदलला, पुन्हा वाकला. कारण यंत्राचं आहे, नशिबाचं नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे हबच्या आत, चकत्यांच्या डाव्या अंगाला असतात. तिथून फ्रेमपर्यंत अ‍ॅक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो. फॅट बाइकचा हब आधीच रुंद, त्यात कमी हवेवर भारी माणूस, मग दुसरं काय होणार? दुसरा प्रकार कॅसेटचा, त्यात चकत्यांचा संच हबवरच्या खाचांत सरकवून बसवतात. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग अगदी बाहेरच्या टोकाला असतं, त्यामुळे अ‍ॅक्सलला आधार मिळतो. बघून कळत नसेल तर चकत्या मोजा. ७ असतील तर बहुधा फ्रीव्हील, ९ किंवा जास्त असतील तर जवळजवळ नक्की कॅसेट. तुमच्या ८५ किलोंना कॅसेटचाच हब हवा, त्यात तडजोड करू नका. थ्रू अ‍ॅक्सल (हबमधून आरपार जाणारा जाड आस) मिळाला तर आणखी चांगलं.

इथेच २१ गिअरचा प्रश्न सुटतो. गिअर किती हे मोजू नका, सर्वात हलका गिअर किती हलका आहे ते बघा. ४ इंची टायरसकट चाकाचा व्यास साधारण २९ इंच होतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात सायकल २.३ मीटर पुढे जाते. पुढे, पॅडलपाशी, ३६ दात आणि मागे १४ ते २८ दातांच्या ७ चकत्या असतील, तर सर्वात हलक्या गिअरमध्येही पॅडलच्या एका फेऱ्याला जवळजवळ ३ मीटर जावं लागतं. वाळूत हे गुडघे फोडणारं आहे. पुढे २४-३४-४२ दातांच्या तीन चेनरिंग (पॅडलपाशी असलेल्या दातेरी चकत्या) लावून २१ गिअर केले, तर सर्वात हलका २ मीटरवर येतो. बरं आहे. पण पुढे एकच २८ दातांची चेनरिंग आणि मागे ११ ते ४६ ची कॅसेट असेल तर तोच आकडा १.४ मीटर होतो, आणि तेही फक्त १० किंवा ११ गिअरमध्ये. वरच्या टोकाला काही गमावलं का? २८ आणि ११ वर मिनिटाला ८० फेरे मारलेत तर ताशी २८ किमी वेग होतो. सपाटीवर फॅट बाइक त्याहून जोरात हाणणारा हौशी स्वार अजून माझ्या पाहण्यात नाही. तीन चेनरिंगचा आणखी एक त्रास असा, की सर्वात आतल्या चेनरिंगवर चेन टायरच्या इतकी जवळून जाते की चिखल लागलेल्या टायरला घासते. पुढे एकच चेनरिंग असलेली सायकल घ्या. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही म्हणजे बिघडायची एक वस्तूही कमी.

सस्पेन्शनचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर नको. कमी हवेचा टायर हीच तुमची स्प्रिंग आहे. तुमच्यासारख्या संथ भटकंतीत ती पुरते. स्वस्त फॅट बाइकला जो सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) लावलेला असतो त्यात जाड स्प्रिंग असते, पण तिची उसळी आवरणारं आत काहीच नसतं. टायर उसळतो, वर फोर्क उसळतो, आणि वजन दीड-दोन किलोंनी वाढतं ते वेगळंच. वाळू आणि मीठ त्याच्या सीलमध्ये शिरलं की वर्षभरात तो गंजून ताठ होतो, मग सस्पेन्शन नावालाच. चांगले फोर्क आहेत, पण ते दगडधोंड्यांच्या उतारावर जोरात उतरणाऱ्यांसाठी. ज्या सायकलीला पुढेही आणि मागेही सस्पेन्शन आहे आणि तरी ती स्वस्त आहे, तिच्याकडे वळूनही बघू नका. पुढे कधी फोर्क बदलावासा वाटलाच तर आजच पुढचा हब १५० मिमीचा, १५ मिमी थ्रू अ‍ॅक्सलचा आहे ना ते बघून ठेवा. पुढे १३५ मिमी असेल तर नंतर पर्याय फार थोडे उरतात.

फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची बरी. सगळी सायकल मिळून १४ ते १६ किलोत बसली पाहिजे. दुकानात वजनकाटा मागा, लाजू नका. १८ च्या वर असेल तर तुमची भटकंती तीन महिन्यांत अर्ध्या तासावर येते, असा अनुभव आहे. आऱ्यांऐवजी ओतीव पट्ट्यांची ‘मॅग’ चाकं असलेल्या सायकली फार देखण्या दिसतात. त्या घेऊ नका. त्या चाकाला बाक आला तर सरळ करता येत नाही, अख्खं चाक बदलावं लागतं.

ब्रेक डिस्कचेच असतात, त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो, तारेचे की तेलाचे. तेलाचे हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लागतात, आणि वाळूवरून परतताना बोटं थकलेली असतात तेव्हा त्याची किंमत कळते. तारेचेही चालतील, फक्त तार आणि तिचं आवरण वर्षातून एकदा बदलायचं.

आता शरीराचं बघू. फॅट बाइकमध्ये चाकाला जागा देण्यासाठी दोन पॅडलमधलं अंतर वाढवावं लागतं. नेहमीच्या माउंटन बाइकपेक्षा पाय साधारण ३ ते ५ सेंटिमीटर जास्त फाकतात. बहुतेकांना आठवड्याभरात सवय होते. पण ज्यांचे गुडघे किंवा खुबे आधीपासून कुरकुरतात, त्यांना हे बाधतं. तुम्ही ४५ चे आहात, तेव्हा पाच मिनिटांची चक्कर मारून निर्णय घेऊ नका, सलग अर्धा तास चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखलं तर ही सायकल तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही चांगली असो. साइझ निवडताना दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभे राहा, दांडी आणि जांघ यांच्यामध्ये निदान ५ सेंटिमीटर मोकळे हवेत. वाळूत सायकल अचानक थांबते आणि पाय खोलात जातो, त्या वेळी ही जागा कामाला येते.

सायकलीबरोबरच, त्याच दिवशी, आणखी दोन वस्तू घ्या. एक, कमी दाबाचा हवेचा गेज, ० ते १५ किंवा फार तर ० ते ३० पीएसआयचा. नेहमीच्या पंपावरचा गेज १६० पर्यंत असतो, त्यात ७ आणि १० मधला फरक दिसत नाही. इथे तर सगळा खेळ त्या तीन आकड्यांचा आहे. दोन, जास्त हवा ढकलणारा जाड नळीचा हातपंप. वाळूवर हवा सोडायला दोन मिनिटं लागतात, पण परत डांबरावर आल्यावर ती भरावी लागते, आणि बारीक पंपाने ४ इंची टायर भरायचा म्हणजे शेकडो झटके.

तुमच्या वजनाला सुरुवात अशी करा: डांबरावर १५ ते १८, कच्च्या रस्त्यावर १० ते १२, वाळूत ६ ते ८ पीएसआय. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा एक-दीड जास्त. मग दर खेपेला एकेक पीएसआय बदलून स्वतःचा आकडा शोधा. टायरच्या कडेला हलक्या सुरकुत्या दिसायला लागल्या की वाळूचा आकडा जवळ आला समजा. तीच हवा ठेवून डांबरावर वळण घेतलंत तर हँडल स्वतःच आत ओढू लागतं आणि टायर लडबडतो. ही सायकलची खोड वाटते, पण ती कमी हवेची खूण आहे. आणखी एक बारकावा: इतक्या कमी दाबावर ऊन-सावलीसुद्धा मोजावी लागते. तापमान १० अंशांनी बदललं तर ८ पीएसआयच्या टायरमध्ये पाऊण पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. पहाटे गारव्यात नेमकी भरलेली हवा दुपारच्या वाळूत टणक लागते ती यामुळे.

मोटारींची हवा भरायच्या यंत्रापासून मात्र लांब राहा. टायर जितका जाड, तितका त्याच दाबाचा ताण त्याच्या कापडावर जास्त येतो. ४ इंची टायरमधले ३० पीएसआय हे कापडाच्या दृष्टीने २ इंची टायरमधल्या ६० सारखे. टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो, तो ओलांडू नका.

ट्यूबलेसची घाई करू नका. पहिलं वर्ष ट्यूबवर काढा. काट्यांनी फारच सतावलं तर मग करा. फॅट टायरला सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) भरपूर लागतं, एका टायरला निदान १२० मिली, आणि ते दर काही महिन्यांनी सुकतं. जादा ट्यूब जवळ ठेवायची तर फॅटची ट्यूब अर्धी पिशवी खाते. २६ इंची चाकाची शक्य तितकी रुंद साधी ट्यूब घरी येण्यापुरती चालते, मी तीच ठेवतो.

समुद्राकाठची वाळू असेल तर घरी आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा. पाणी मगाने किंवा मंद धारेने घाला. जोराचा फवारा मारलात तर बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि त्या जागी मीठ जाऊन बसतं. चेन कोरडी पुसून तेल घाला. तेलाचा थेंबही डिस्कवर उडू देऊ नका.

राहिली जुनी सायकल. तुम्ही तिच्याबद्दल विचारलं नाहीत, पण मी असतो तर आधी तीच शोधली असती. दिसते भारी म्हणून घेतलेल्या आणि दोनशे किलोमीटरही न चाललेल्या फॅट बाइक विकायला येतात, आणि कॅसेटचा हब, एक चेनरिंग, साधा फोर्क हे सगळं त्यांत कमी खर्चात जमून जातं. बघायला जाताना स्वतःचा गेज घेऊन जा. हवा ८ वर आणा आणि सर्वात हलक्या गिअरवर चेन टायरला घासते का बघा. मग चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवा, खुळखुळ आली तर हबमध्ये काम आहे. फॅट रिमला वजन कमी करायला मोठी भोकं पाडलेली असतात आणि त्यांतून आतली रंगीत पट्टी दिसते. ती पट्टी भोकांतून फुग्यासारखी बाहेर आलेली असेल तर मालकाने हवा नेहमी जास्त भरली आहे, तेव्हा टायर काढून रिमच्या कडा बाहेर वाकल्यात का ते आतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.